शेवंती रात्र मोजते

बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या गच्चीवर कठड्यालगत शेवंतीच्या सहा कुंड्या ओळीने ठेवल्या होत्या. एकाच झाडाच्या काश्या (बुंध्यातून फुटणारी पिल्लं), एकच माती, लावणीसुद्धा एकाच दुपारची. सप्टेंबर संपता संपता चार कुंड्यांच्या शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसायला लागल्या. उरलेल्या दोन हिरव्यागार, तरतरीत, आणि कळीचा पत्ता नाही. मी शेणखत घातलं. मग डीएपी खताचे दाणे टाकले. मग कुणी सांगितलं म्हणून केळीच्या सालींचं पाणी ओतलं. ढिम्म. शेवटी शेजारच्या काकू एका रात्री दोरीवरचे कपडे काढायला वर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्या दोघींच्या तोंडावर रातभर दिवा हाय की. त्यास्नी झोप कधी लागायची?"

गणपतीच्या आधीच रस्त्यावरच्या खांबाला नवा पांढरा एलईडी बसला होता आणि त्याचा झोत बरोबर त्या दोन कुंड्यांवर पडत होता. मी त्या उचलून पाण्याच्या टाकीमागे ठेवल्या. चार आठवड्यांत कळ्या आल्या.

काकूंना पानांतलं उजेड ओळखणारं फायटोक्रोम वगैरे काही ठाऊक नव्हतं, पण मुद्दा त्यांनी नेमका पकडला होता. आपल्याकडे फुलझाडं नव्याने लावणारे खत, माती, पाणी यांवर तासन्‌तास बोलतात आणि झाडाला रात्री किती अंधार मिळतो हे कुणीच बघत नाही. पुढचं सगळं त्याबद्दल आहे. मी शिकले शेवंतीवर, म्हणून उदाहरणंही बहुतेक तिचीच येतील.

आधी आपल्या भागाचा दिवस ओळखा

बेळगाव साधारण १५.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास इथे सूर्य सकाळी सहाला उगवतो आणि संध्याकाळी सात-सव्वासातच्या दरम्यान मावळतो. दिवस होतो सुमारे १३ तास ३ मिनिटांचा. २१ डिसेंबरला उगवतो पावणेसातच्या पुढे, मावळतो सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास, म्हणजे ११ तास १० मिनिटांचा दिवस. वर्षभरातला सगळा फरक दोन तासांहूनही कमी. निपाणी, चिकोडी, अथणीकडे उत्तरेला सरकलात तर दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे. खानापूरलाही तेच.

हे आकडे आधी सांगायचं कारण म्हणजे यूट्यूब. लंडनच्या बागेत जूनमध्ये साडेसोळा तासांचा दिवस असतो. तिथला माळी 'दिवस लहान व्हायला लागले की' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर साडेसोळावरून बारावर येणारी मोठी उतरण असते. आपली उतरण तेरावरून अकरावर, तीही हळूहळू. त्याचं वेळापत्रक इथे उचलून लावलंत की फसलात.

तरीही झाडाला ही छोटी उतरण कळते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आपला दिवस साडेबारा तासांवर येतो आणि दिवस-रात्र बरोबरीची होते ती १ ऑक्टोबरच्या आसपास. पुस्तकात २३ सप्टेंबर असतं. पण सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो, शिवाय हवेमुळे किरण वाकतात, त्यामुळे दिवसाला सहा-सात मिनिटं जास्तीची मिळतात. या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढे लागतील.

अजून एक. सूर्य मावळला म्हणजे झाडाची रात्र सुरू झाली, असं नाही. संधिप्रकाशातली दोन्ही बाजूंची वीस-पंचवीस मिनिटं झाड दिवसातच धरतं.

झाड दिवस मोजतं की रात्र?

ही गोष्ट थोडी लांबण लावून सांगते, कारण ती आपल्या मातीशी दोन ठिकाणी जुळते.

पहिली, तंबाखू. निपाणीकडच्या माणसाला तंबाखू काय सांगायची! पण दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं, हे जगाला कळलं तेही तंबाखूमुळेच. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अलार्ड हे दोघे वॉशिंग्टनजवळ 'मेरिलँड मॅमथ' नावाच्या जातीवर काम करत होते. हे वाण उन्हाळाभर वाढत राही, माणसापेक्षा उंच होई, पण थंडी येईपर्यंत फुलत नसे. त्यांनी काही रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली, आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे छापलं. आपल्या शेतातली तंबाखू मात्र बहुतेक या बाबतीत बेफिकीर असते, वय झालं की फुलते. मॅमथ हा अपवाद होता, आणि त्या अपवादामुळेच नियम सापडला.

दुसरी गोष्ट तणाची. बांधावर, उकिरड्याकडेला एक झाड येतं. त्याची काटेरी बोंडं धोतराला, लुगड्याला आणि म्हशीच्या शेपटीला चिकटतात. मराठीत त्याला शंकेश्वर म्हणतात, आणि हुक्केरी तालुक्यात आपलं संकेश्वर गाव आहे. नावांचा संबंध मी शोधत बसले नाही, पण ऐकताना गंमत वाटते. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी याच तणावर प्रयोग करून दाखवलं की झाड खरं म्हणजे रात्र मोजतं. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर काही फरक पडत नाही. लांब रात्रीच्या मध्ये काही मिनिटं दिवा लावला तर मात्र फूल येत नाही. एका मोठ्या रात्रीचे झाडाच्या लेखी दोन छोटे तुकडे होतात. माझ्या दोन कुंड्यांचं नेमकं हेच झालं होतं.

रात्र मोजतात पानं. त्यांच्यातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य तांबड्या उजेडाने एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू परत फिरतं. १९३० च्या दशकात रशियात चायलाख्यान यांनी शेवंतीवरच हे तपासलं. वरचा भाग पानं काढून लांब दिवसात ठेवला, खालच्या पानांना छोटा दिवस दिला, तरी वर फूल आलं. म्हणजे निरोप पानाकडून शेंड्याकडे जातो. व्यवहारात याचा अर्थ असा की झाकायचं असेल तर अख्खं झाड झाकायचं, नुसता शेंडा नाही. आणि खालची पानं 'जुनी झाली' म्हणून ओरबाडून काढायची नाहीत.

आता काम: आपलं झाड कुठल्या गटातलं?

रोप आणण्याआधी हे ठरवा, नंतर नाही.

मोठी रात्र मागणारी: शेवंती, नाताळाला लाल होणारी पॉइन्सेटिया. शेतात सोयाबीन, तूर आणि शाळू. तूर हे डोळ्यांना दिसणारं उदाहरण. जूनमध्ये पेरलेली माणसाच्या डोक्यावर जाते, तीच सप्टेंबरात पेरली तर कमरेएवढी होऊन फुलते, कारण वाढायला वेळ मिळण्याआधीच रात्री मोठ्या झालेल्या असतात. सोयाबीनची पेरणी पाऊस लांबल्याने उशिरा झाली की झाडं बुटकी राहतात, त्यामागेही थोडं हेच आहे.

बेफिकीर: टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, सदाफुली, जास्वंद. वय, ऊन आणि खाणंपिणं नीट असलं की फुलणार. झेंडू जवळजवळ याच गटात धरा. नवख्या माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे, पण कुणी ऐकत नाही, सगळ्यांना पहिल्याच वर्षी शेवंती हवी असते.

मोठा दिवस मागणारी आपल्याकडे फारशी सुखाने नांदत नाहीत. यात फुलाबाहेरचा एक किस्सा कांद्याचा. ओळखीच्या एकाने परदेशी गोड कांद्याचं बी मागवलं, पाकिटावर हा एवढा मोठा गड्डा. रोपं उगवली, पात झकास आली, गड्डा काही बसला नाही. ते वाण साडेतेरा-चौदा तासांच्या दिवसाशिवाय गड्डाच धरत नाही, आणि तेवढा दिवस बेळगावात कधीच होत नाही. आपल्या बाजारातले कांदे अकरा-बारा तासांच्या दिवसाला गड्डा धरणारे असतात. पात खायची असेल तर गोष्ट वेगळी. आणि कांद्याला डेंगळे येतात त्याचा दोष दिवसाला देऊ नका, ते थंडीचं काम.

बियाण्याच्या ऑनलाइन दुकानांत 'ऑटो' हा शब्द दिसतो, त्याबद्दल दोन ओळी. तो बहुतेक गांजाच्या बियांना लावलेला असतो. गांजाचं नेहमीचं झाड शेवंतीसारखं मोठ्या रात्रीची वाट बघतं, पण उत्तरेकडच्या छोट्या उन्हाळ्याच्या मुलुखातली रुडेरालिस नावाची जात वयावर फुलते. तिच्याशी संकर करून हे वाण केलेले आहेत, म्हणून दिवस तेरा तासांचा असो की अकराचा, ते काही आठवड्यांचे झाले की फुलायला लागतात. शास्त्र म्हणून उदाहरण चांगलं आहे. कुंडीत लावायला मात्र नाही. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात परवान्याशिवाय गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि 'एकच झाड होतं साहेब' याला तिथे सूट नाही. वयावर फुलणारं झाड हवं तर टोमॅटो लावा.

अंगणातला अंधार तपासा

यात एक रात्र जाते आणि पैसा लागत नाही. अमावास्येच्या जवळपास नऊनंतर घरातले दिवे मालवून जिथे कुंडी ठेवायची तिथे जाऊन उभं राहायचं. हातात 'तरुण भारत'चा कालचा अंक घ्या. मोठे मथळे सोडा, आतला बारीक मजकूर वाचता येतो का बघा. येत असेल तर ती जागा शेवंतीला नको. वाचता येत नाही पण हाताची सावली भिंतीवर स्पष्ट पडते, अशी जागा संशयाची. सावलीच पडत नसेल तर ठेवा बिनधास्त.

पौर्णिमेचं चांदणं यात धरू नका. ते पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास असतं, त्याने शेवंतीची रात्र तुटत नाही. पायरीवरचा दिवा, जिन्यातला हालचालीने लागणारा दिवा, शेजाऱ्यांच्या गेटवरचा झोत हे खरे चोर. जिन्यातला दिवा दोन मिनिटंच लागतो, पण रात्री दहा वेळा. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत घरं खेटून आहेत, तिथे परसात अंधार मिळतो आणि पुढच्या दारी नाही. कॅम्पातल्या बंगल्यांचं उलटं.

उलटी शंका पावसाळ्यात येते. जुलैत आपल्याकडे आणि त्याहून जास्त खानापूरकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, मग झाडाला दिवस छोटा वाटेल का? नाही. ढगाळ दुपारचा उजेडही झाडाच्या मोजणीला भरपूर पुरतो. ढगांनी वाढ खुंटते, पानं लुळी पडतात, मुळं कुजतात, पण घड्याळ चुकत नाही.

शेवंतीचं वेळापत्रक, उलटं मोजून

शेवंतीच्या जाती त्यांना लागणाऱ्या आठवड्यांनी ओळखतात. मोठ्या रात्री मिळायला लागल्यापासून फूल उमलेपर्यंत लवकरच्या जातीला सहा-सात आठवडे, उशिराच्या जातीला दहाहून जास्त. रोपवाल्याला नेमका हाच प्रश्न विचारा. कन्नड बोलणारा असेल तर 'सेवंतिगे' म्हणा आणि 'एष्टु वार?' विचारा, आठवड्याचा हिशेब लगेच कळतो. उत्तर देता आलं नाही तर तो रोपं दुसऱ्याकडून आणून विकतोय.

माझा क्रम असा. फुलं संपली की जानेवारीत झाड वितीएवढं छाटायचं. बुंध्यातून काश्या फुटतात, त्या उन्हाळाभर सावलीत जगवायच्या. एवढंच करायचं, कौतुक नको. जूनमध्ये पहिला पाऊस मुरला की काश्या वेगळ्या करून कुंडीत लावायच्या. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालताना हात आखडता घेऊ नका, बेळगावचा पाऊस शेवंती बुडवून मारतो. महिन्याभराने रोप सात-आठ पानांचं झालं की शेंडा खुडायचा, नखाने, अर्धा इंच. बाजूने फांद्या फुटतात. त्या बोटभर झाल्या की पुन्हा खुडायचं.

शेवटची खुडणी १५ ऑगस्टपर्यंत. ही तारीख मी मोडून पाहिली आहे. एका वर्षी चतुर्थीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर जरा माळीपणा मिरवायला, सगळ्या झाडांचे शेंडे खुडले. ऑगस्टअखेरीस दिवस साडेबारा तासांवर आला की शेंड्यात कळीची तयारी सुरू होते, डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी. मी खुडत होते त्या होऊ घातलेल्या कळ्याच होत्या. दिवाळी कोरडी गेली, फुलं आली डिसेंबरात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना कामी आली म्हणून कुणाला चूक कळली नाही.

तारीख पाळली तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यात कळ्या दिसतात आणि नोव्हेंबरात रंग चढतो. कळ्या दिसल्यावर युरिया पूर्ण बंद. नत्र जास्त झालं की झाड पुन्हा पानांच्या मागे लागतं.

दसऱ्यालाच हवी असतील तर

निसर्गाच्या वेळापत्रकात दसऱ्याची शेवंती नेहमी बसत नाही. मग रात्र आपण लांबवायची. जुलैच्या शेवटी शेवटची खुडणी उरका, पंधरा दिवस फांद्या वाढू द्या आणि मग रोज संध्याकाळी सहाला झाकून सकाळी आठला उघडा. चौदा तासांचा अंधार झाला. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे रोज करायचं, रविवारीसुद्धा. मध्ये एखादी रात्र चुकली तर आभाळ कोसळत नाही, पण आठवड्याला दोन चुकायला लागल्या की केलेलं सगळं वाया.

झाकायला काळं जाड कापड वापरा, दुहेरी. प्लास्टिक नको. आत वाफ धरते आणि रात्रीची उष्णता वाढली की कळी अडून बसते, शिवाय पानांवर ठिपके येतात ते वेगळेच. कापड झाडाला टेकू न देता चार काठ्यांवर मांडवासारखं घाला. आत डोकं घालून एकदा खात्री करा: डोळे सरावल्यावरही शिवणीतून उजेडाच्या रेघा दिसत असतील तर तिसरा पदर लागेल. मी जुनी काळी छत्र्यांची कापडं जोडून खोळ शिवली होती. दिसायला भयंकर, कामाला उत्तम.

फुलं उशिरा हवी असतील तर उलटं. रात्री दहा ते दोन झाडांच्या तीन-चार फूट वर साधा पिवळसर बल्ब. ज्या दिवशी बंद कराल तिथून जातीचे आठवडे मोजायला सुरुवात. पॉलीहाउसवाले हेच करून बारा महिने फुलं काढतात. घरी एवढा खटाटोप मला पटत नाही, आणि बिल कोण भरतं तेही बघावं लागतं.

पॉइन्सेटियाला वेगळं काही नाही, फक्त ती शेवंतीपेक्षा हट्टी. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून तिची एकही रात्र तुटू देऊ नका, दिव्याची जागा तिला अजिबात खपत नाही.

शेतवाल्यांसाठी: उसाचा तुरा

गच्चीवरून खाली उतरलं की आपल्या जिल्ह्यात उसाशिवाय पुढे जाता येत नाही. नोव्हेंबरात चिकोडी-रायबागकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुपेरी तुरे, म्हणजे उसाची फुलं, डुलताना दिसतात. पाहुणे फोटो काढतात, शेतकरी कपाळाला हात लावतो.

हेही रात्रीचंच गणित, पण जास्त अटींचं. ऊस पुरेसा कांड्यांवर आलेला हवा, दिवस हळूहळू उतरत साडेबारा तासांच्या आसपास आलेला हवा, रात्री उबदार हव्यात आणि जमिनीत ओल हवी. म्हणजे आपला ऑगस्ट-सप्टेंबर. त्या वेळी शेंड्यात तुऱ्याची तयारी होते, बाहेर दिसतो दोन-तीन महिन्यांनी. म्हणून आडसाली (आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात लावलेला) ऊस जास्त सापडतो, तो त्या दिवसांत वयात आलेला असतो. उशिरा लावलेला त्या वेळी लहान असतो म्हणून निसटतो.

तुरा आला की त्या उसाची वाढ थांबली. लगेच नुकसान होत नाही, उलट सुरुवातीला साखर चांगली असते. पण तसाच दोन-अडीच महिने उभा राहिला तर डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात, आत दशी पडते म्हणजे कांडं भेंडासारखं पोकळ होतं, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही उतरतात. म्हणून तोडीची पाळी लावताना तुरा आलेला फड आधी. टोळीशी भांडायचं तर या एका मुद्द्यावर भांडावं. आणि पुढच्या लावणीला तुरा कमी येणारं वाण घ्या. को ८६०३२ लोकांना आवडतो त्यात हाही एक भाग आहे. वाणाबद्दल संकेश्वरच्या कृषी संशोधन केंद्रात विचारा, फुलझाडांबद्दल आरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात. मराठीत विचारलं तरी समजून घेतात, कन्नडमध्ये विचारलं तर चहा मिळतो.

पहिल्या वर्षी एवढंच करा

एकाच झाडाच्या तीन काश्या लावा. एक अंधाऱ्या कोपऱ्यात, एक रस्त्याच्या दिव्याखाली, एक रोज झाकायची. तिन्हींना खतपाणी सारखं. कुंडीवर खडूने शेवटच्या खुडणीची तारीख आणि पहिली कळी दिसली ती तारीख लिहा. माझ्या कठड्याखाली अजून त्या खडूच्या रेघा आहेत. पावसाने अर्ध्या पुसल्या, पण दिव्याखालच्या कुंडीपुढे काकूंनी कोळशाने लिहिलेलं 'जागी' तेवढं वाचता येतं.